पाणी कुठं सोडणार?

कविता पुढल्या अंकात. या अंकात हिशेब.

बारा फूट तोंडाच्या खोलीपुढं पावसाच्या पाण्याचं गटार घालायला किती पैसे लागतात? आमच्या गल्लीत मिस्त्री आला, टेप लावला, विडी पेटवली आणि वीस हजार म्हणाला. खोदाई. निघालेलं डेब्रिज डोक्यावरून मेन रोडपर्यंत नेणं, कारण गल्ली चार फुटांची, आत हातगाडीसुद्धा शिरत नाही. अर्धगोल पाइप, चार गोणी सिमेंट. वाळू-खडी गोणीच्या भावानं. ट्रकानं घेणाऱ्याला तीच स्वस्त पडते, गोणीनं घेणाऱ्याला महाग. वर झाकायला कडप्पा. पत्र्याची पन्हळ आणि खाली उतरणारा पाइप. मिस्त्रीचा रोज, दोन बिगाऱ्यांचा रोज. आणि शेवटी 'वरचं चहापाणी', ज्याची पावती कुणी देत नाही. मी गोदीत रोजावर माल उचलतो. आठशे रुपये पाळी. वीस हजार म्हणजे पंचवीस पाळ्या, आणि पावसाळ्यात महिन्याला पंधरा भरल्या तरी खूप झालं. म्हणजे जवळजवळ दोन महिने न खाता न पिता एका गटारासाठी राबायचं.

हे पैसे गल्लीनं घरटी काढावेत असं आमच्यातल्याच काही शहाण्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, काढू नयेत. का, ते सांगतो.

आधी पाणी किती ते बघा. आमचा पत्रा दहा बाय बारा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या एका पत्र्यावरून साडेपाचशे लिटर पाणी उतरतं. पावणेतीन पिंपं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा मी आईच्या कडेवर. तेवढा पाऊस या पत्र्यावर पडला तर साडेदहा हजार लिटर होतात, अख्खा टँकर. मे महिन्यात हंड्यामागं पैसे मोजणाऱ्या घराच्या डोक्यावर फुकटचा टँकर रिकामा होणार, आणि तो दाराबाहेर घालवायला पुन्हा पैसे. पांढरपेशा कवीला पाऊस खिडकीतून दिसतो. आम्हाला तो शेगडीखालून दिसतो.

आता समजा, बारा फुटांचं गटार घातलं. झकास घातलं. शंभर फुटाला एक फूट असा उतार दिला. तेराव्या फुटाला काय? तेराव्या फुटाला शेजाऱ्याचा उंबरा.

गल्लीत वर्षानुवर्षं हेच चाललंय. रस्ता काँक्रीटचा झाला, एक वीत वर आला. ज्याच्या हातात बोनस पडला त्यानं भरणी घालून जोतं दोन वीत उचललं. त्याचं पाणी शेजारी. शेजाऱ्यानं कर्ज काढून अडीच वीत उचललं. त्याचं पाणी त्याच्या शेजारी. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली, ती आपण पाठ केली, भाषणात टाळ्या घेतल्या. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतो म्हणून शिडी मोडत नाही. आमच्या गल्लीची लेव्हल काढा, ती शिडी फुटपट्टीनं मोजता येईल. वरच्या टोकाला नोकरीवाले. मग आम्ही रोजावरले. अगदी खाली, भिंतीला टेकून, दोन खोल्या मातंगांच्या आणि तीन मेहतरांच्या. हे कुणी ठरवून केलं नाही म्हणतात. गावातसुद्धा कुणी ठरवून केलं नव्हतं म्हणे. गावाचं सांडपाणी जिकडं उतरतं तिकडंच आपला वाडा होता, एवढंच. १४ एप्रिलला ही गल्ली टोकापासून टोकापर्यंत निळी होते, आणि जूनमध्ये वरचा खालच्याच्या अंथरुणात पाणी सोडतो. च्यायला, याला काय नाव द्यायचं?

गोदीत मी रोज बघतो. साखरेची पोती असोत की कागदाची रिळं, शेडची जमीन ट्रकाच्या फाळक्याला लागेल एवढी उंच. माल उघड्यावर टाकायचा तर खाली फळ्या, वर ताडपत्री. भिजलाच तर सर्व्हेअर येतो, फोटो निघतात, विम्याचे कागद फिरतात. आमच्या गादीचा आणि पोरांच्या वह्यांचा सर्व्हेअर अजून जन्मायचाय.

बरं, या शहराला पाण्याचा हिशेब येत नाही असं नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ ला अहवाल आला. नाव ब्रिमस्टोवॅड. नाव ऐकून बिचकू नका, गोष्ट साधी आहे. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेतानं बांधलेली, तीही ओहोटी असेल तर, आणि अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आता मुरायला माती राहिलीय कुठं? म्हणून ५० मिलिमीटर धरा आणि पडेल तेवढं सगळं वाहणार असं धरा, असा अहवालाचा सांगावा. काम रेंगाळलं. २००५ नं झोपमोड केली, २००७ ला केंद्रानं १२०० कोटी मंजूर केले. मग पंपिंग स्टेशनं उभी राहिली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, आणि आमच्या रे रोडला ब्रिटानिया. मोठी भरती आली की समुद्र नाल्याचं तोंड दाबून धरतो. तेव्हा पंपानं पाणी उचलून पलीकडं फेकायचं. मशिनं जबरदस्त आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पंप उचलतो ते नाल्यात पोचलेलं पाणी. आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला भिंत, आणि भिंतीपलीकडं शंभर फुटांवर नाला. ते शंभर फूट कुणाच्याच नकाशात नाहीत.

गटारं बांधणं, दुरुस्त ठेवणं आणि साफ करणं हे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ६१ व्या कलमात बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. शाळेत हे शिकवलं नाही, पण वाचायला मॅट्रिक पुरते. आम्ही अर्ज घेऊन जिथं जिथं गेलो तिथं एकच उत्तर, जागा आमच्या खात्याची नाही. एका कचेरीतल्या साहेबानं तर आम्हालाच विचारलं, "गटार घालाल हो, पण पाणी कुठं सोडणार?" प्रश्न बरोबर आहे. पत्ता चुकलाय. जमीन कुणाच्या खात्यात ते बघून पाऊस पडत नाही.

आणि तुंबलं की आत हात घालणार कोण? आमच्याकडं पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाटात येतं. कंत्राटदार नाक्यावरून पोरगा उचलतो, त्याची जात विचारावी लागत नाही. हातानं मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ ला दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ ला तीस लाख. मिस्त्रीच्या यादीत हा दर नसतो.

बत्तीस खोल्या गुणिले वीस हजार. सहा लाख चाळीस हजार. एवढे पैसे घालून बत्तीस तुकडे होतील, गटार होणार नाही. कुठल्याही गवंड्याला विचारा, गटार वरून खाली बांधत नाहीत. आधी तोंड, म्हणजे पाणी सुटायची जागा, आणि तिथून लेव्हल धरत धरत वर यायचं. म्हणजे पहिली कुदळ भिंतीपाशी, त्या पाच खोल्यांपुढं पडायला पाहिजे. तिथं वर्गणी द्यायची ऐपत कुणाचीच नाही. म्हणूनच हे काम वर्गणीचं नाही, सरकारी पैशाचं आहे, आणि ते मागून घ्यायचं नाही, वसूल करायचं आहे. नाल्यापर्यंत एकच सलग गटार, उभ्यानं लांब दांड्याच्या फावड्यानं साफ करता येईल एवढं रुंद, झाकणं उचलता येतील अशी. आत माणूस उतरणार नाही. ते मंजूर होईपर्यंत गल्लीत कुणीही एक वीत जोतं उचलायचं नाही.

घरटी शंभर रुपये मात्र काढा. लेव्हल, नकाशा, झेरॉक्स आणि कचेऱ्यांच्या खेपा, एवढ्याला ते पुरतील. नकाशात तोंड कुठं, उतार किती, फूट किती हे आपल्या हातानं लिहिलेलं असलं की "पाणी कुठं सोडणार" म्हणून कुणी हाकलू शकत नाही. तिथंच, त्याच टेबलावर, बोट ठेवून दाखवायचं. मग मोर्चा.

रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं लेव्हलची नळी घेऊन खालच्या टोकापासून सुरू करतोय. नळी चाळीस फुटांची, गल्ली दोनशेची. पाच वेळा लावावी लागेल, आणि भिंतीपलीकडं जाऊ दिलं तर आणखी तीन वेळा. खडू आणि वही ज्याची त्यानं आणावी.