एचपी नंतर विचारा, पाती कुठे आहेत ते आधी बघा

मे महिन्यात अवजारांच्या दुकानांत गर्दी होते. पॉवर टिलर किंवा पॉवर विडर बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो एचपीचा. पाच की सात, पेट्रोल की डिझेल, किंमत किती, अनुदान किती. माझं ठाम मत आहे की एचपीचा प्रश्न तिसरा-चौथा असावा. पहिला प्रश्न यंत्राशेजारी उकिडवं बसून स्वतःच्या डोळ्यांनी सोडवायचा: जमिनीत शिरणारी पाती कुठे बसवली आहेत, आणि चाकांना इंजिनाची ताकद मिळते का?

दुकानात ‘पॉवर विडर’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीची यंत्रं उभी असतात. एकात चाकांच्या जागीच पाती असतात. पातीच माती कापतात आणि तीच यंत्राला पुढे ओढतात. यंत्र हलकं, स्वस्त, उचलून टेम्पोत टाकता येणारं. दुसऱ्यात इंजिनाखाली दोन रबरी चाकं असतात, त्यांना गिअरमधून ताकद जाते आणि पात्यांचा रोटर मागे, झाकणाखाली फिरतो. त्याला आपल्याकडे ‘बॅक रोटरी’ म्हणतात. कोकणात भाताच्या खाचरात चालणारा डिझेल पॉवर टिलर हा याच घराण्यातला थोरला भाऊ. हे टिलर 1960 च्या दशकात जपानी तंत्रज्ञानासोबत भारतात रुळायला लागले. बंगळूरची व्हीएसटी आणि केरळची सरकारी कामको ही त्यातली जुनी नावं.

पात्यांच्या जागेने एवढा काय फरक पडतो? पाती पुढच्या दिशेने फिरतात तेव्हा ती चाकासारखं काम करतात, यंत्राला पुढे ढकलतात. माती भुसभुशीत असेल तर पाती आत शिरतात आणि काम नीट होतं. पण उन्हाने तापलेली काळी जमीन किंवा पडीक मुरमाड रान असेल, तर पाती शिरतच नाहीत. ती वरच्या वर पळतात आणि यंत्र उड्या मारत माणसाला घेऊन पुढे धावतं. त्याला आवरण्याचं सगळं काम दोन मनगटांना आणि खांद्यांना करावं लागतं. बॅक रोटरीत चालण्याचा वेग चाकं ठरवतात. पात्यांनी कितीही ढकललं तरी गिअरमध्ये अडकलेली चाकं त्यापेक्षा जोरात जाऊ देत नाहीत. म्हणूनच यंत्र हळू, एका लयीत चालतं आणि खोलीही सारखी राहते. कडक रानात पन्नाशीच्या माणसालाही ते झेपतं, याचं कारण एचपी नसून ही रचना आहे.

पण म्हणून प्रत्येकाने बॅक रोटरी घ्यावा असं मी अजिबात म्हणत नाही. घरामागे दोन-तीन गुंठ्यांची परसबाग असेल, वर्षानुवर्षं शेणखत पडून माती मऊ झाली असेल, तर तिथे कुदळ आणि खुरपं पुरतं. फार तर हलकं यंत्र. बॅक रोटरी लांबीला जास्त, वजनाला जड, आणि वळायला त्याला जागा लागते. बांधापर्यंत पीक लावलेल्या तुकड्यात शेवटचे चार-पाच फूट मशागतीविना राहतात किंवा वळताना झाडं मोडतात. मिरची, वांगी, केळी यांच्या ओळींत चालवायचा असेल, तर ओळींतलं अंतर लावणीच्या दिवशीचं धरू नका. पीक फुलोऱ्यावर आल्यावर पानं कुठपर्यंत पसरतात ते धरा, त्यातून दोन्ही बाजूंना वीतभर सोडा, आणि उरेल तेवढ्याच रुंदीचा रोटर बघा.

क्षेत्राचा हिशेबही आधीच करावा. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. मोठ्या पॉवर टिलरचा रोटर साधारण 60 सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे एका एकराच्या एका पाळीला यंत्रामागे किमान पावणेसात किलोमीटर चालावं लागतं. वळणं आणि एकमेकांवर येणारे पट्टे यात धरलेले नाहीत. दोन पाळ्या घातल्या तर साडेतेरा किलोमीटर, तेही ढेकळांतून, हादरणारे हँडल धरून. ट्रॅक्टर जाऊ शकतो अशा सलग चार एकरांसाठी टिलर विकत घेणं म्हणजे स्वतःला विनाकारण शिणवणं आहे. तिथे रोटाव्हेटर भाड्याने आणावा. टिलरची खरी जागा आहे ती ट्रॅक्टर वळू शकत नाही तिथे: कोकणातली उतरत्या टप्प्यांची खाचरं, नारळ-सुपारीच्या वाड्या, पॉलिहाऊस आणि गुंठ्यांत मोजला जाणारा भाजीपाला.

रोटर कोणत्या दिशेने फिरतो, हेही विचारा. बहुतेक यंत्रांत तो चाकांच्याच दिशेने फिरतो. काहींत तो उलटा फिरतो, काहींत दोन्ही सोयी असतात. उलट फिरणारी पाती खालून वर कापत येतात आणि चाकांच्या विरुद्ध जोर लावतात, म्हणून ती कडक, गवताळ पडीत रानात जास्त खोल जातात. पण त्यासाठी चाकांना पकड हवी, म्हणजे यंत्राला वजन हवं. शिवाय दगडगोट्यांच्या रानात खडे पाती आणि झाकण यांच्यात अडकून रोटर थबकतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत मी सरळ फिरणारा रोटर आणि दोन उथळ पाळ्या हाच मार्ग सुचवेन.

पात्यांचा आकार हा आणखी एक दुर्लक्षिलेला भाग. ऑस्ट्रेलियात गिलगांड्राच्या शेतावर आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 साली फिरत्या पात्यांनी मशागत करून पाहिली. सुरुवातीला माती बाजूला फेकली जात होती. त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवली तेव्हा हा दोष गेला. 1920 मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि पुढे रोटाव्हेटर जगभर पोहोचला. आजही धसकटं आणि तणाच्या रानात हीच एल पाती चांगली चालतात. या पात्यांत डावं-उजवं असतं. बदलताना बाजू चुकली तर मधे वरंबा किंवा चर पडतो, आणि धारेची बाजू मातीकडे आधी येत नसेल तर यंत्र कापण्याऐवजी ठोकत राहतं. झिजलेली पाती एकेक करून बदलण्यापेक्षा संपूर्ण संच बदलावा. आणि खरेदीआधी तालुक्याच्या गावी हा संच, बेल्ट आणि क्लचची केबल मिळते का, ते दुसऱ्या दुकानात जाऊन विचारावं. विकणाऱ्याचं उत्तर ‘मिळते’ असंच असतं.

आता वापराकडे येतो. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ओल्या रानात यंत्र घालून. काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर. ती ओली असताना पाती फिरली की खालचा थर लिंपला जातो, मुळं त्याखाली जात नाहीत, आणि वरची माती वाळून दगडासारखी ढेकळं होतात. वाफसा आल्याशिवाय टिलर सुरू करू नये. पाती जितकी खोल जाणार, तितक्या खोलीवरची मूठभर माती घ्या आणि आवळा. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर रान तयार. फुटला नाही तर थांबा. गोळाच होत नसेल तर जमीन फार कोरडी आहे, पाती झिजतील आणि धूळ उडेल. भाताची चिखलणी हा याला अपवाद. तिथे पाणी मुरू नये म्हणून खालचा थर मुद्दाम लिंपायचा असतो, आणि रबरी चाकं काढून लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावायची असतात.

पहिल्याच पाळीत पूर्ण खोली गाठायचा हट्ट नको. पहिली पाळी दोन-तीन इंच, दुसरी आडवी आणि खोल. माती किती बारीक होणार हे रोटरचा वेग आणि चालण्याचा वेग यांच्या प्रमाणावर ठरतं. रोटर जोरात आणि चाल मंद असेल तर मातीचं पीठ होतं. पीठ डोळ्यांना छान दिसतं, पण त्यावर वळवाचा एक जोरदार पाऊस पडला की वर पापडी धरते, आणि मेथी-कोथिंबिरीचे कोवळे कोंब ती फोडू शकत नाहीत. हरभऱ्याएवढे, सुपारीएवढे खडे राहिलेली जमीन बहुतेक पिकांना चालते. तेवढ्यावर थांबायला शिकलं पाहिजे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला आजचा स्तंभ लिहावासा वाटला ती गोष्ट. हरळी आणि लव्हाळ्याच्या रानात टिलर तणनाशाचं अवजार म्हणून विकला जातो आणि ते मला पटत नाही. हरळीच्या जमिनीखालच्या खोडाला पेरापेराला डोळा असतो. पाती त्या खोडाचे बोटभर तुकडे करतात आणि रानभर पसरवतात. ओल असेल तर तुकड्यातुकड्यातून नवी हरळी उठते. लव्हाळ्याचं तर याहून अवघड. त्याचे गड्डे जमिनीखाली एका धाग्याने साखळीसारखे जोडलेले असतात. साखळी अखंड असते तोवर बरेच गड्डे निद्रिस्त राहतात, ती तुटली की ते जागे होतात. पाळी घातल्यावर आठवडाभर रान स्वच्छ दिसतं, शेतकरी समाधानी होतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्वीपेक्षा दाट तण उभं राहतं. मग पुन्हा टिलर, पुन्हा तण. यात इंधन जातं, दिवस जातात, आणि मातीचं पीठ होतं ते वेगळंच.

हरळी असेल तर आधी कडक उन्हाळ्यात नांगरून किंवा कुदळीने तिची खोडं अखंड वर आणा, वेचा, उन्हात वाळवा. टिलरची पाळी त्यानंतर. कोवळं, बियांपासून उगवलेलं तण असेल तर टिलर उत्तम काम करतो, पण दोन इंचांपेक्षा खोल नको. खाली पडून असलेलं बी वर आलं की तण पुन्हा उगवतं. आणि भाड्याने आणलेल्या टिलरची पाती आपल्या रानात उतरवण्यापूर्वी धुऊन घ्या. शेजारच्या गावचा लव्हाळा असाच आपल्या बांधात येतो.

नांगर-टिलर कमीत कमी वापरण्याची वाटही महाराष्ट्रात चालून पाहिलेली आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढे पिकाची मुळं जमिनीतच राहू देऊन मशागतीविना भात आणि पुढची पिकं घ्यायची. वाफे पहिल्यांदा करताना मात्र मशागत लागतेच. टिलरला मी असंच पाहतो: रान उघडण्यासाठी, शेणखत-हिरवळीचं खत मिसळण्यासाठी, वाफे घालण्यासाठी. दर पंधरा दिवसांनी फिरवण्यासाठी नाही.

सुरक्षेच्या चारच गोष्टी, पण त्या जिवाच्या आहेत. रोटर फिरत असताना मागे येऊ नका. पाय घसरला तर पाती अंगावर येतात, म्हणून रिव्हर्सला रोटर आपोआप बंद होणारंच यंत्र घ्या. पात्यांत अडकलेलं ठिबकचं पाइप किंवा वेल काढताना इंजिन बंदच हवं. पॉलिहाऊसमध्ये पडदे वर केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. चौथी गोष्ट घाटउतारावरची: दोन्ही हँडलला वेगळा स्टिअरिंग क्लच असलेला टिलर सपाटीवर ज्या बाजूचा क्लच दाबाल तिकडे वळतो. तीव्र उतारावर, विशेषतः ट्रॉली जोडलेली असताना, तो उलट्या बाजूला वळतो, कारण सुटं झालेलं चाक वजनाने पुढे पळतं. कोकणात टिलर चालवायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून टिलरला अनुदान मिळतं आणि तिथे गट पडतात ते अश्वशक्तीप्रमाणे. पूर्वसंमती मिळाली की मुदतीत खरेदी करायची घाई होते, आणि या घाईत यंत्र रानात न चालवताच घरी येतं. माझी मागणी साधी आहे. अनुदानाच्या प्रत्येक टिलरचं प्रात्यक्षिक घेणाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत, तिथल्या सगळ्यात कडक तुकड्यात झालं पाहिजे. दुकानामागच्या मऊ मातीत झालेलं प्रात्यक्षिक मोजू नये. घरातलं जे माणूस टिलर चालवणार आहे, आणि भाजीपाल्याच्या शेतात ती बऱ्याचदा बाई असते, तिच्या हातात हँडल द्यावं. ते तिच्या कमरेच्या उंचीला येतं का, क्लच तिच्या मुठीत पूर्ण दबतो का, बांधापाशी ती यंत्र वळवू शकते का, हे बघूनच बिलावर सही करावी. दुकानदार रानात यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघावं.