चपला बाहेर काढा

आमच्या शाळेत संगणक कक्षाबाहेर चपला काढतात, देवळासारख्या. आत १० यंत्रं, चालू ४, पोरं ५५. मी नववीचा गणिताचा मास्तर. संगणकाचा तास ‘तुम्हीच बघा, सर’ म्हणत माझ्या गळ्यात पडला. वीज गेली की फळ्यावर कीबोर्ड काढतो. सीपीयूची व्याख्या पोरं घडाघडा म्हणतात, सेव्ह केलेली फाइल मात्र सापडत नाही. (रील झकास करतात!)

केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केलं, मुक्त सॉफ्टवेअर वापरलं, दहावीला संगणकाचं प्रात्यक्षिकही ठेवलं. आपल्याकडे विज्ञानाचं प्रात्यक्षिक चालतं, मग याचंच वावडं का?

परवा एका मुलीने आईच्या बचत गटाचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये मांडला. १४ रुपयांचा फरक निघाला. चूक वहीत होती.