पाच लाखांचे कार्ड आणि रोजची गोळी



राळेगाव तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याचा विषय काढा. एकच उत्तर मिळते, "कार्ड आहे ना पाच लाखाचं!" हे उत्तर अर्धेच खरे आहे. कार्ड दवाखान्यात भरती होण्याचे आहे. बीपीच्या, शुगरच्या, दम्याच्या रोजच्या गोळीचे ते नाही. आणि साठीनंतर माणसाचा खिसा दर महिन्याला रिकामा होतो तो गोळीनेच. ऑपरेशन आयुष्यात एखादे होते, मेडिकलची चिठ्ठी मात्र मरेपर्यंत चालते.

हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे, कारण आपल्या समाजात पेन्शन घेणारी ही पहिलीच मोठी पिढी आहे. आरक्षणामुळे जे शिक्षक झाले, एसटीत कंडक्टर झाले, पोस्टात, वीज मंडळात, तहसिलीत लागले, ते आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या घरात याआधी कोणी निवृत्त झालेलेच नव्हते. त्यामुळे निवृत्तीनंतरचा विमा म्हणजे काय, हे सांगणारा मोठा माणूस घरात नाही. वरच्या जातींच्या घरांत हे ज्ञान तीन-तीन पिढ्यांपासून वाहत आले आहे. आपल्याकडे ते एजंटच्या तोंडून येते, आणि एजंट त्याच्या कमिशनचे सांगतो.

आता एकेक योजना पाहू. प्रश्न एकच ठेवू : रोजचे औषध मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ज्या घरात आधीच आयुष्मान कार्ड आहे, तिथल्या सत्तरीपुढच्यांना स्वतःचे वेगळे ५ लाख मिळतात. हे कार्ड नसेल तर आजच काढा. डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे उपचार यात बसतात, तेवढ्यापुरते औषधही त्यात येते. आयुष्मानमध्ये सुटी झाल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधेही धरली आहेत. सोळाव्या दिवसापासून मात्र तुम्ही आणि मेडिकलवाला.

केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस आहे. त्यात रोजची औषधे मिळतात, पण त्यासाठी नागपूरचे केंद्र गाठावे लागते. जिथे सीजीएचएस नाही तिथे राहणाऱ्या निवृत्ताला बाह्यरुग्ण खर्चासाठी महिन्याला १,००० रुपये ठरीव वैद्यकीय भत्ता घेता येतो आणि भरतीपुरते सीजीएचएस ठेवता येते. राळेगावसारख्या गावात राहणाऱ्याने हा हिशेब करूनच निवड करावी. महिन्याची औषधे हजाराच्या आत असतील तर भत्ता परवडतो. तीन-चार हजारांची असतील तर नागपूरची वारी परवडते.

राज्य शासनाच्या निवृत्तांची गोष्ट वेगळी. नोकरीत असताना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती निवृत्तीबरोबर संपते. त्यांच्यासाठी वैद्यकीय विमाछत्र योजना आहे, पण तिचा हप्ता स्वतः भरायचा आणि ती मुळात भरतीसाठीची आहे.

आता ज्या योजनेकडे आपले लोक बघतच नाहीत ती योजना : ईएसआय. पाच वर्षे विमाधारक म्हणून नोकरी करून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार सुरू ठेवता येतात, आणि त्यात बाह्यरुग्ण औषधे येतात. मुलगा किंवा मुलगी बुटीबोरीत, पुण्यात कारखान्यात असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही नाव लागते. त्यासाठी त्यांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावे लागते. किती जणांनी ही नावे लावली आहेत? आजच विचारा.

राहिला खासगी मेडिक्लेम. १ एप्रिल २०२४ पासून वयाच्या ६५ वर्षांची आडकाठी निघाली आहे, जुन्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. म्हणून एजंट पुन्हा दारात येणार. त्याला चार प्रश्न विचारा. शुगर-बीपी आधीपासून आहे, त्याचा खर्च कधीपासून मिळेल? बिलातला किती टक्के वाटा मला भरावा लागेल? भरती न होता घेतलेल्या औषधाचे पैसे मिळतात का, आणि वर्षाला किती? पुढच्या वर्षी हप्ता किती वाढेल? उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, हेही लक्षात ठेवा.

समजा महिन्याला १,८०० रुपयांची औषधे लागतात. वर्षाचे झाले २१,६००. ओपीडीची सोय असलेली पॉलिसी ५,००० रुपयांपर्यंतच औषधे देत असेल आणि त्या सोयीसाठी हप्ता ४,००० ने वाढत असेल, तर हाती काय आले? हजार रुपये. तेच औषध जनऔषधी केंद्रातून जेनेरिक नावाने घेतले तर खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. औषधाच्या बाबतीत विम्याआधी चिठ्ठी तपासा. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागणे हा अपमान नाही, अधिकार आहे.

इथे कोणी म्हणेल, मग औषधांचा वेगळा विमाच का नको? अमेरिकेने तो केला आहे. तिथे ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये २००६ पासून 'भाग डी' नावाचा फक्त औषधांचा विमा आहे. तो खासगी कंपन्या चालवतात. प्रत्येक कंपनीची औषधांची यादी वेगळी, हप्ता वेगळा, आणि वेळेत नाव नोंदवले नाही तर दंड. म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी याद्या तपासत बसावे लागते. रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली ती २०२५ मध्ये, योजना सुरू झाल्यावर एकोणीस वर्षांनी, आणि तीही कायदा करावा लागला तेव्हा. धडा सरळ आहे. औषध बाजारावर सोडले की निवडीचे ओझे म्हाताऱ्याच्या डोक्यावर येते.

बाबासाहेबांनी विम्याचा विचार बाजाराच्या अंगाने केलाच नव्हता. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली. स्वतः मधुमेहाने त्रासलेल्या या माणसाला रोजच्या औषधाची किंमत कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि ज्यांना निवृत्तीच नाही त्यांचे काय? राळेगावच्या कापसाच्या शेतात आयुष्यभर वेचणी केलेल्या बाईला सेवानिवृत्तीचा आदेश कोण देणार? तिला श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही वेळेवर आले तर. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. या माणसांना पॉलिसी निवडायला सांगणे ही थट्टा आहे. त्यांचा विमा म्हणजे सरकारी दवाखान्याचे औषधांचे कपाट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मग "बाहेरून आणा" ही चिठ्ठी कशासाठी?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, फुले योजनेत बीपी, शुगर, दमा, हृदयविकार, फिट यांची बाह्यरुग्ण औषधे समाविष्ट करा. दोन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात औषधांचा साठा रोज फलकावर लावा, आणि दीर्घ आजाराच्या रुग्णाला एका वेळी महिन्याभराची औषधे द्या. एका पट्टीसाठी मजुरी बुडवून चार खेपा मारायला लावू नका. तीन, राज्य निवृत्तांच्या विमाछत्रात औषधांचा समावेश करा.

मागण्या मान्य होईपर्यंत तरुणांनी थांबू नये. महिन्यातला एक रविवार विहारात विम्याच्या कागदांसाठी ठेवा. वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाची यादी करा : कोणते कार्ड आहे, कोणते निघू शकते, महिन्याची औषधे किती रुपयांची. सत्तरीपुढच्यांची वय वंदना कार्डे काढून द्या. "बाहेरून आणा" च्या चिठ्ठ्या जमवा, तारखेसह फोटो काढा, आणि माहितीच्या अधिकारात त्या तारखांचा औषधसाठा मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. असे पन्नास कागद घेऊन तहसीलवर गेलेला मोर्चा नुसत्या घोषणांच्या मोर्चापेक्षा जड पडतो.

ज्यांनी फी भरून आपल्याला शिकवले, त्यांच्या पॉलिसीची बारीक अक्षरे वाचणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले पहिले पाऊल या वेळी औषधाच्या चिठ्ठीपासून टाकू.

जय भीम!