विरघळणारं सिमेंट आधी कोयत्यावाल्याला द्या

गेल्या आठवड्यात ओपीडीत एकाने मोबाईल माझ्यापुढे धरला. 'हाडात विरघळणारं सिमेंट' असा व्हिडिओ होता. "डॉक्टरसाहेब, हे टाकलं तर दाजी महिन्याभरात चालतील ना?" मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. पण त्याच्यापेक्षा मला राग आला तो व्हिडिओ करणाऱ्याचा. त्याहून जास्त राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, ती पुढे सांगतो.

आधी सिमेंट म्हणजे काय ते समजून घ्या. सांधा बदलताना आम्ही वापरतो ते सिमेंट म्हणजे अॅक्रिलिक. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांनी १९५८च्या सुमारास खुब्याच्या सांध्यासाठी ते वापरायला सुरुवात केली. ते घट्ट होताना तापतं, आणि एकदा बसलं की जन्मभर तसंच राहतं. सांध्यासाठी ते उत्तम. पण मोडलेल्या हाडातली पोकळी भरायची असेल तर कायमचा दगड आत ठेवून कसं चालेल? तिथे नवं हाड यायला जागा हवी.

म्हणून विरघळणारी द्रव्यं. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत ड्रेसमान यांनी १८९२ मध्येच हाडातल्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरून पाहिलं होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ यांनी कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट तयार केलं. पूड आणि द्रव कालवायचं, पोकळीत भरायचं. ते फारसं न तापता घट्ट होतं आणि त्याचं जे बनतं ते आपल्या हाडातल्या खनिजासारखंच असतं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनेही असं देशी सिमेंट विकसित केलं आहे.

दाजींचं नडगीचं हाड गुडघ्यापाशी खचलं आहे. खचलेला तुकडा वर उचलला की खाली पोकळी उरते. ती भरायला आम्ही कमरेचं हाड काढतो, म्हणजे दुसरी जखम, दुसरं दुखणं. तिथे कॅल्शियम फॉस्फेट भरलं तर तुकडा पुन्हा खचण्याचं प्रमाण कमी राहतं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसलं. पण हे सिमेंट दाबाला टिकतं, वाकवलं किंवा पिळलं की खडूसारखं तुटतं. प्लेट आणि स्क्रू लागतातच. पायावर भार कधी द्यायचा ते आम्हीच सांगणार. म्हणून मी नाही म्हणालो.

आता रागाचं खरं कारण.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ऊसतोड कामगार आला होता. उसाच्या ट्रॉलीवरून पडून नडगी मोडलेली, हाड बाहेर आलेलं, पुढे त्यात पू झालेला. सडलेलं हाड खरडून काढलं आणि आत अँटिबायोटिक भरलेल्या अॅक्रिलिक मण्यांची माळ ठेवली होती. ही जगभर चालणारी जुनी आणि चांगली पद्धत आहे. फक्त मणी विरघळत नाहीत. औषध संपलं की ते परके खडे होतात आणि दुसरं ऑपरेशन करून काढावे लागतात. त्याला सहा आठवड्यांनी या म्हणून सांगितलं होतं. सहा आठवड्यांनी दिवाळी होऊन गेली होती. मुकादमाची उचल घेतलेली, बायको एकटी गेली तर अर्धा कोयता. तो लंगडत कारखान्यावर गेला. पाडव्यानंतर आला तेव्हा नडगीला छिद्र पडून पू वाहत होता आणि मणी आतच होते.

'पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत' असं आम्ही डॉक्टर लगेच म्हणतो. मीही म्हणायचो. पण बीड जिल्ह्यातून हंगामात लाखो माणसं तोडणीला जातात, एका खाड्याचे पैसे कापले जातात, हे ठाऊक असताना दुसऱ्या ऑपरेशनवर बेतलेला उपचार लिहून देणं हा आमचाच वेडेपणा नाही का? कॅल्शियम सल्फेटचे मणी तेच औषध देतात आणि काही आठवड्यांत आपोआप विरघळतात. काढायला परत यावं लागत नाही.

यावर सहकारी म्हणतात, "अॅक्रिलिक स्वस्त आहे." कोणाला स्वस्त? दुसरी भूल, दुसरी भरती, सोबत बसणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि न फिटलेली उचल मिळवून मला स्वस्ताई दाखवा. योजनेच्या ठरलेल्या पॅकेजात महाग पूड बसवताना सर्जनची ओढाताण होते, हे मला मान्य आहे. म्हणून तर भाव खाली आला पाहिजे. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ठरवलीच ना? श्री चित्राची हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली, पुढे ती कारखान्यात बनू लागली आणि परदेशी झडपेपेक्षा स्वस्त मिळू लागली. तोच रस्ता या सिमेंटला का नको?

दोष याही द्रव्यांत आहेत. सल्फेट कधी हाड भरण्याआधीच संपतं, जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो, नातेवाईक घाबरतात. फॉस्फेट उलट, फार रेंगाळतं. दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं, आणि संशोधक त्याच्याच मागे आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे की फक्त ताकदीचे आकडे देऊ नका. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला, एसी बंद पडलेला, अशा ऑपरेशन थिएटरमध्ये ते हातातच घट्ट होतं का, तेही मोजा. उष्णतेत सिमेंट लवकर घट्ट होतं. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी चाचण्या घ्या, ज्याला परत येता येत नाही तो रुग्ण तिथे भेटतो.

तोवर एक काम तुम्ही करा. घरात कोणाच्या हाडाचं ऑपरेशन झालं तर डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या: आत काय ठेवलंय, ते काढावं लागेल का, आणि कधी. तारीख हंगामात येत असेल तर टाके काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.