यंत्र हाती आले, प्रमाणाचे काय?

बारावीचा निकाल लागला की नागपुरातील मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते. पूर्वी अभियांत्रिकी की वैद्यकीय, एवढाच प्रश्न असे. आता डिजिटल माध्यमांचा अभ्यासक्रमही त्या यादीत आला आहे. चित्रण, संकलन, ॲनिमेशन यांसाठी पालक आनंदाने पैसे भरतात. त्याच मुलाने सोबत तत्त्वज्ञान घेतो म्हटले, की कपाळाला आठ्या पडतात. ‘त्याचा उपयोग काय?’

उपयोग काय, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये देशाने पाहिले. अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या देहावर बसवलेली चित्रफीत सर्वत्र फिरली. ती बनविणाऱ्याजवळ तंत्राची उणीव नव्हती; उणीव होती ती विवेकाची. आणि पाहणाऱ्यांजवळ उणीव होती प्रमाणविचाराची.

‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावा आता पुरत नाही. चार्वाकांनी केवळ प्रत्यक्षाला प्रमाण मानले. नैयायिकांनी मात्र ते ज्ञान भ्रमरहित असले पाहिजे, अशी अट घातली आणि अनुमान, उपमान व शब्द ही आणखी तीन प्रमाणे मानली. दोरीच्या ठिकाणी साप का दिसतो, यावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. तिकडे फ्रान्सच्या देकार्तने १६४१ मध्ये इंद्रियांच्या साक्षीवरच शंका घेतली. माध्यमांच्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त पाठ कोणता?

तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, हा युक्तिवाद वरवरचा आहे. आज शिकलेले सॉफ्टवेअर उद्या जुने होते. संकलनाचे काम यंत्रच करू लागले आहे. काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर हे साहित्यिक आणि समीक्षकही होते. या शहराच्या पत्रकारितेला व्यासंगाचे वावडे कधीच नव्हते.

‘आपले असताना परक्यांचे कशाला?’ असा आक्षेप काही स्वकीयही घेतात. तो आपल्याच परंपरेला धरून नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच समर्थपणे मांडावे आणि मगच खंडन करावे, ही येथील पूर्वपक्षाची शिस्त आहे. ज्याने प्लेटो वाचला नाही, तो प्लेटोचे खंडन काय करणार? उलट, केवळ पाश्चात्त्य विचार शिकवून त्यालाच जगाचे तत्त्वज्ञान म्हणणे, हीदेखील बौद्धिक गुलामगिरीच होय.

अंतर्मुख होण्याचीही गरज आहे. आपल्या अभिमानाला सुखावणारा संदेश न तपासता पुढे पाठविणारी घरे आपल्यातही आहेत. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले. सांगणारा आपला की परका, याला तेथे महत्त्व नाही. त्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे काय आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा आहे काय, एवढेच पाहावयाचे. ही कसोटी आपण स्वतःला लावतो काय?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयासोबत वेगळ्या शाखेचा विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. १९२३ पासूनचे विद्यापीठ नागपुरात आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेले कालिदास संस्कृत विद्यापीठ जवळच रामटेकला आहे. साधनांची वाण नाही. पालकांनी ‘उपयोग काय?’ हा प्रश्न जरूर विचारावा. परंतु तो कॅमेऱ्यालाही विचारावा.