आमच्या अंगावरचं दूध कोण तपासणार?

पैठण तालुक्यातल्या एका गावात कपाशीची खुरपणी आटोपून आलेल्या बायांची बैठक होती. आम्ही शहरातून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून (तोंडात अजून औरंगाबादच येतं), फवारणी आणि बायांचं आरोग्य यावर बोलायला गेलो होतो. बोलण्याच्या ओघात मी उत्तर ध्रुवाजवळच्या बायांची हकिगत सांगितली. सगळ्या हसल्या. "ताई, कुठं बर्फ अन् कुठं आमची पऱ्हाटी!" पण उठता उठता मांडीवर लेकरू घेतलेली एक जण म्हणाली, "मंग आमच्या अंगावरचं दूध कोन तपासनार?" तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हकिगत अशी. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इनुइट लोकांचा मुलूख आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ दक्षिणेकडच्या शहरांतल्या बायांच्या दुधातली रसायनं मोजत होते. तुलनेसाठी त्यांना 'स्वच्छ' दूध हवं होतं. ध्रुवाकडे कारखाने नाहीत, शेती नाही, तेव्हा तिथल्या बायांचं दूध शुद्ध असणार, असा सरळ हिशेब. निघालं उलटंच. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं पीसीबी हे विषारी रसायन त्यांच्या दुधात दक्षिणेतल्या बायांच्या जवळजवळ पाचपट होतं.

असं झालं कसं? पीसीबी, डीडीटी यांसारखी द्रव्यं उष्ण मुलखात हवेत उडतात, वाऱ्याबरोबर दूर जातात, गार प्रदेशात खाली उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. पाण्यातून माशात, माशातून सीलच्या आणि देवमाशाच्या चरबीत, तिथून माणसात. दर पायरीला विषाचं प्रमाण वाढत जातं. शेवटच्या पायरीवर असतं अंगावर पिणारं बाळ.

आता या बायांना सांगायचं काय? पाजू नका म्हणावं, तर बाळाचं नुकसान जास्त. सील खाऊ नका म्हणावं, तर शिकारीवर जगणाऱ्यांनी खायचं काय? पाजत राहा, हाच सल्ला शेवटी दिला गेला आणि तो योग्यच होता. पण इनुइट तिथं थांबले नाहीत. कॅनडात १९९१ साली उत्तरेतल्या या प्रदूषणावर सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या व्यवस्थापनात शास्त्रज्ञ आणि अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं आदिवासी संघटना बसल्या. काय तपासायचं, निकाल लोकांना कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ठरवण्यात त्यांचा वाटा होता. नमुना देणारी बाई नुसती बाटलीवरचा नंबर राहिली नाही.

पुढे ही रसायनं जगभर बंद करण्यासाठी वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा इनुइट संघटनेच्या शीला वॉट-क्लूटिए १९९९ साली नैरोबीच्या बैठकीत गेल्या. तिथं त्यांनी इनुइट मायलेकरांचं एक छोटं कोरीव शिल्प भेट दिलं. पुढच्या बैठकांत ते अध्यक्षांच्या टेबलावर असे. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, सुरुवातीला १२ रसायनांसाठी, आणि त्याच्या प्रस्तावनेत ध्रुवप्रदेशातल्या आदिवासींचा उल्लेख आला. शास्त्रज्ञांचे आकडे होतेच. पण आकड्यांमागे उभं राहून बोलणारी माणसं नसती तर ते आकडे अहवालात पडून राहिले असते, असं मला वाटतं.

आता आपल्या पऱ्हाटीकडे येऊ. बोंडअळीसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं एंडोसल्फान फवारलं गेलं. तेही आर्क्टिकच्या हवेत आणि बर्फात सापडलं. म्हणजे मघाशी बाया हसल्या, तो संबंध खरा आहे! या औषधावर जागतिक बंदी येऊ नये म्हणून आपलं सरकार आंतरराष्ट्रीय बैठकांत अडून बसलं होतं. स्वस्त आहे, गरीब शेतकऱ्याला परवडतं, हा युक्तिवाद. शेतकरी म्हणजे पुरुष, हे त्यात गृहीतच. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हात सवलती घेऊन सरकारनं होकार दिला आणि १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशात बंदी घातली. त्यामागे केरळच्या कासरगोडमधला लढा होता. तिथं काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं फवारणी होत असे. कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा तिच्याविरुद्ध १९९८ सालीच कोर्टात गेल्या होत्या.

एंडोसल्फान गेलं, दुसरी औषधं आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. निदान ती मोजदाद तरी झाली. पण टाकीत पाणी भरून देणारी, दुसऱ्या दिवशी त्याच सरीत खुरपायला वाकणारी, पुढे बोंडं वेचणारी बाई? तिची चक्कर, तिचा पडलेला गर्भ आमच्या भागातल्या कुठल्याही रजिस्टरमध्ये मला अजून दिसलेला नाही.

आपल्या देशात ध्रुवसंशोधन होत नाही असं नाही. १९८३-८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत आपल्या मराठी अदिती पंत आणि बंगालच्या सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, तो आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा क्षण. गोव्यात वास्कोला ध्रुवसंशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. त्या परिषदेत आदिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून आठ देशांच्या प्रतिनिधींबरोबर बसतात. म्हणजे तिथं आपल्या सरकारपेक्षा त्यांचा मान मोठा! हे कळल्यावर मला तरी बरं वाटलं. मग तिथं मागे बसून हे सगळं पाहणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना घरी आल्यावर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या समितीत, तालुक्याच्या आढावा बैठकीत दोन शेतमजूर बाया बसवाव्यात, असं का सुचत नाही? आम्हाला शिबिराला बोलावतात. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा असं सांगतात आणि सही घेतात. याला सहकार्य म्हणायचं असेल तर म्हणा.

त्या बाळंतिणीला मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. पाजत राहा, एवढंच सांगितलं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या, बांधावरच्या रिकाम्या बाटल्यांची लेबलं घेऊन यायचं ठरलं आहे. कुणाच्या शेतात कधी काय फवारलं, त्यानंतर किती दिवसांनी बाया आत गेल्या आणि कुणाला काय झालं, याची वही आम्हीच घालणार आहोत. लेबलांवरची अक्षरं इतकी बारीक असतात की मी भिंग घेऊन जाणार आहे.