सही आमची, तर जबाबदारीही आमची

“पैसा आम्ही खाल्ला नाही, आम्ही फक्त सही केली.” पतसंस्था असो, शाळेची सोसायटी असो की मशिदीचा ट्रस्ट, हिशेबात खोट निघाली की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारा पुष्कळदा खरेही बोलत असतो. पण कायदा तेवढ्यावर समाधान मानत नाही. पैसा कोणाच्या भरवशावर तुमच्या हाती होता आणि सही करताना तुम्हाला काय ठाऊक होते, हे तो विचारतो.

आपल्या वर्धा जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. २००१-०२ च्या सुमारास नागपूर आणि वर्धा या दोन्ही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी ‘होम ट्रेड’ या खासगी कंपनीच्या हाती पैसे दिले. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन या कंपनीच्या जाहिरातींत झळकत होते. जाहिरातीतल्या चेहऱ्यांचा बँकांच्या या व्यवहाराशी संबंध नव्हता, पण कंपनी मोठी वाटायला असे चेहरे पुरतात. रोखे आले नाहीत, पैसेही परत आले नाहीत. २००२ मध्ये प्रकरण पोलिसांत गेले.

नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल २२ डिसेंबर २०२३ रोजी लागला, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी. रक्कम दीडशे कोटींच्या घरातली. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्यात बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि रोखे दलालही होते. केदारांना ५ वर्षांची शिक्षा व साडेबारा लाखांचा दंड झाला आणि त्यांची आमदारकी गेली. निकालाविरुद्ध अपील झाले, उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. याच निकालात तिघे निर्दोषही सुटले. यादीत नाव आहे म्हणून सगळे सरसकट गुन्हेगार ठरत नाहीत, प्रत्येकाचा वाटा वेगळा तपासला जातो, हेही लक्षात घ्यावे.

इकडे वर्धा बँकेवर थकीत कर्जांचाही भार होताच. पुढे परवान्यावाचून अडलेल्या देशातल्या २३ जिल्हा बँकांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१४ मध्ये मदतीची योजना मंजूर केली. महाराष्ट्रातल्या तीनही बँका विदर्भाच्या होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. सह्या वरच्या मजल्यावर झाल्या, चकरा मात्र शेतकऱ्याने आणि ठेवीदाराने मारल्या.

आता कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. जुने ४२० आता कलम ३१८ मध्ये आहे. फसवणूक करून मालमत्ता उकळली तर ७ वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याच्या भरवशाने आलेल्या पैशाचा अपहार केला तर कलम ३१६. साधी शिक्षा ५ वर्षांपर्यंत, पण असे करणारा सरकारी नोकर, बँकर, व्यापारी, दलाल किंवा एजंट असेल तर १० वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेपही.

उर्दूत या गुन्ह्याला ‘अमानत में खयानत’ म्हणतात. त्याच्या व्याख्येतला एक भाग प्रत्येक सचिवाने, खजिनदाराने वहीवर लिहून ठेवावा असा आहे. स्वतः अपहार करणे हा गुन्हा आहेच, पण दुसऱ्याला तो जाणूनबुजून करू देणे हाही तोच गुन्हा आहे. म्हणजे अध्यक्ष पैसे फिरवतो हे माहीत असून चेकवर दुसरी सही देणारा “मी एक रुपया घेतला नाही” म्हणून सुटत नाही.

आणि खरोखरच ठाऊक नसेल तर? नुसता निष्काळजीपणा म्हणजे हा फौजदारी गुन्हा नव्हे. पण सहकारी संस्थेत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली चौकशी होऊन नुकसानीची वसुली जबाबदार ठरलेल्या पदाधिकाऱ्याकडून होऊ शकते. तुरुंग टळला तरी घरावर बोजा येऊ शकतो.

आता घाबरवणाऱ्यांविषयी. कर्ज फेडता आले नाही एवढ्याने कोणी ४२० ठरत नाही. फसवायचा हेतू मुळापासून होता हे दाखवावे लागते. मित्राला जामीन राहिलात तर पैसे भरावे लागतील, पण जामीन राहणे हा गुन्हा नाही. चेक परत गेला तर मात्र वेगळा कायदा आहे. त्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस हाती आल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही, म्हणून ती नोटीस कपाटात टाकू नये. संयुक्त खाते असले तरी ज्याने चेकवर सही केली तोच यात जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. पतीच्या चेकवर सही नसलेल्या भगिनींना हे माहीत असावे.

आमच्या समाजातल्या संस्था बहुतेक भरवशावर चालतात. खजिनदार हजला किंवा लग्नाला जाणार म्हणून कोऱ्या चेकबुकावर आधीच सह्या करून ठेवतो. याला आपण सोय म्हणतो. ही सवय मोडावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नको. ठराव वाचल्याशिवाय सही नको. पटले नाही तर विरोध तोंडी न ठेवता इतिवृत्तात नोंदवावा, उद्या तोच कागद तुमची बाजू मांडेल. पोराने चार पैशांच्या कमिशनसाठी आपले बँक खाते अनोळखी माणसाला वापरायला दिले असेल तर ते आजच बंद करावे. फसवणुकीचा पैसा त्यातून गेला की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. आणि ठेव ठेवताना विचारावे, विमा आहे का? बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, पतसंस्थेत नाही.

कुरआन शरीफातली सर्वात लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदारांविषयी आहे. म्हणून जमातीच्या बैठकीत कोणी हिशेब मागितला तर तो अविश्वास समजू नये. हिशेब मागणारा खजिनदाराचीही राखण करत असतो.